आरशांसाठी घेतलेलं कार्ड

वहिनी, माणसाचा खरा स्वभाव त्याने आयुष्यात केलेल्या एखाद्याच मोठ्या निवडीतून कळतो. तुमच्या बाबतीत ती निवड ग्राफिक्स कार्डाची होती.

बाकीच्या निवडींना तुम्ही फारसा वेळ दिला नाहीत. दादाला होकार दिलात तो पोह्यांची बशी रिकामी व्हायच्या आत. गंगापूर रोडचा फ्लॅट घ्यायचा ठरला तेव्हा स्वयंपाकघराची खिडकी कुठल्या बाजूला आहे एवढंच विचारलंत. तुमच्या मुलाने, अमेयने कॅनडाला जायचं सांगितलं तेव्हा घरात सगळ्यांचे चेहरे उतरले, आणि तुम्ही म्हणालात, "थंडीचं बघ रे." पण घरातल्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये कुठलं कार्ड बसवायचं, यावर तुम्ही एक अख्खा पावसाळा आणि त्यानंतरचा हिवाळा घालवलात. त्यातले निम्मे दिवस माझेही गेले. आज त्यांची तक्रार करायची सोय उरलेली नाही.

परवा सोसायटीच्या हॉलमध्ये तुमची शोकसभा झाली. तुमच्या फोटोला चंदनाचा हार होता, समोर समई होती आणि माइक नेहमीप्रमाणे मध्येच शिट्टी मारत होता. अध्यक्षांनी तुम्हांला त्यागमूर्ती म्हटलं. त्यांच्यानंतर ज्यांना तुम्ही 'माइकवाले' म्हणायचात ते उठले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "वहिनींनी स्वतःसाठी कधीही काहीही मागितलं नाही." सगळ्या हॉलने मान डोलावली. शोकसभेत उभं राहून 'बारा जीबीचं कार्ड मागितलं होतं' असं सांगता येत नाही. पहिल्या रांगेतून दादाने मात्र वळून माझ्याकडे पाहिलं. त्यालाही तेच आठवलं असावं.

तिथे बोलायचं राहिलं, म्हणून इथे बोलतो आहे. त्यागमूर्ती म्हणून तुमची रवानगी झालेली मला चालणार नाही.

अमेयच्या खोलीतला तो कॉम्प्युटर त्याच्यामागे नुसता पडून होता. फोटो शोधायला म्हणून तुम्ही तो चालू केलात आणि त्यात तुम्हांला ट्रक चालवण्याचा गेम सापडला. युरोपातले रस्ते, मोठा ट्रक, मागे ट्रेलर, इथला माल तिथे पोचवायचा. कुणाला मारायचं नाही, कुणाला पकडायचं नाही. निवृत्त झालेल्या बायका देवळात जातात, भिशी लावतात, फार तर योगासनं करतात. तुम्ही सकाळचा स्वयंपाक उरकून लिस्बनहून माल उचलायला लागलात.

मला आधी ही गंमत वाटली. मग तुमच्या कळवणच्या मामांची आठवण झाली. मामांचा ट्रक होता, आणि सुट्टीत तुम्ही त्यात क्लीनरच्या जागेवर बसून फिरायचात, हे तुम्ही लग्नानंतर लगेचच मला सांगितलं होतं. मामा गाडी मागे घेऊ लागले की तुम्ही खाली उतरून 'येऊ द्या, येऊ द्या, बास' करायचात. एकदा तुम्ही स्टिअरिंगवर बसू देता का विचारलंत. मामा म्हणाले होते, "स्टेरिंगला हात नाय लावायचा. तू फक्त आवाज दे." हे सांगताना तुम्ही हसला होतात, म्हणून मीही हसलो होतो.

तर त्या जुन्या कॉम्प्युटरला तो ट्रक झेपत नव्हता. चित्र अडकत अडकत पुढे जायचं, वळणावर ट्रक आधी कठड्याला लागायचा आणि कठडा नंतर दिसायचा. अमेयला फोन केलात, तर तो म्हणाला, आरसे बंद कर, सगळं सुरळीत चालेल. तुम्हांला ते पटेना. मग तुम्ही मला बोलावून घेतलंत, कारण मला यातलं काही कळत नाही आणि तरी मी मत देतो, हे तुम्हांला माहीत होतं.

यातलं जे काही मला आज कळतं ते तुम्हीच समजावलेलं आहे. समोरचा रस्ता हे एक चित्र. ते कॉम्प्युटरला दर सेकंदाला कितीतरी वेळा नव्याने काढावं लागतं, आणि ते काढायचं काम ग्राफिक्स कार्डाचं. पण ट्रकच्या प्रत्येक आरशात मागचा रस्ता दिसतो, म्हणजे प्रत्येक आरसा हे आणखी एक चित्र. ट्रकला आरसे पुष्कळ. कार्ड दुबळं असेल तर सगळ्यात आधी आरशांचा बळी जातो, कारण बहुतेक खेळणाऱ्यांना मागचं बघायचंच नसतं. "भाऊजी," तुम्ही म्हणालात, "मागचं दिसल्याशिवाय गाडी चालवायची म्हणजे नुसतं पुढे पळायचं. ते तर कुणीही करेल."

मग संशोधन सुरू झालं. तुम्ही हिंदीतले व्हिडिओ बघायचात. त्यांत पोरसवदा तज्ज्ञ खोकी उघडून दाखवायचे आणि प्रत्येक कार्डाला राक्षस म्हणायचे. खोक्यांवर खरोखरच राक्षस असायचे. ड्रॅगन, चिलखतवाले, डोळ्यांतून जाळ काढणाऱ्या बायका. कार्डांची नावं आकड्यांची, आणि आकड्यामागे कुठे 'टीआय', कुठे 'सुपर'. मी म्हटलं, हे आपल्या कार्यक्रमपत्रिकांसारखं झालं, नावापुढे पदव्या वाढल्या की खुर्ची पुढच्या रांगेत. तुम्ही म्हणालात, पदव्यांकडे बघायचंच नाही. मिक्सर घेताना आपण वॉट बघतो, आवाज बघतो आणि सर्व्हिस सेंटर बघतो, रंग बघत नाही. मी तुमच्या मिक्सरच्या नारिंगी रंगाकडे पाहिलं. तुम्ही विषय बदललात.

शेवटी निवड तिघांत आली. पहिलं अमेयने सुचवलेलं, तीन पंख्यांचं, सगळीकडून दिवे लागणारं. तुम्ही शिवणाची टेप घेऊन कॅबिनेट आतून मोजलंत आणि ते बसणार नाही म्हणून निकालात काढलंत. अमेय म्हणाला, कॅबिनेट बदलू. तुम्ही म्हणालात, पाहुण्यासाठी घर पाडत नाहीत. दुसरं जुनं, स्वस्त; कुणीतरी ते आभासी नाणी काढण्यासाठी दिवसरात्र चालवलं होतं. माझं मत त्याला होतं. तुमचं म्हणणं असं की, "इतकं राबलेलं घरी आणायचं आणि इथेही राबवायचं? नको." तिसरं दोन पंख्यांचं, काळं, बिनदिव्याचं. त्याच्यावर व्हिडिओवाल्यांनी फारसा वेळ घालवला नव्हता. वेगात ते थोडं मागे होतं, पण त्याची मेमरी बारा जीबी होती, आणि आरशांसाठी ती उपयोगी पडेल असं तुमचं मत बनलं होतं. ते मत कितपत बरोबर होतं हे मला आजही माहीत नाही. मी म्हणायचो की तुम्ही आकड्याला भुललात. हा आपला एक वाद तसाच राहिला.

दुकान नाशिकच्याच कॅनडा कॉर्नरला होतं. मुलगा कॅनडात आणि दुकान कॅनडा कॉर्नरला, यात दुसरं जास्त सोयीचं, असं तुम्ही गाडीत बसताना म्हणालात. दादा चालवत होता, मी मागे, तुम्ही त्याच्या डाव्या हाताला, नेहमीच्या जागी. आणि नेहमीप्रमाणे गाडीचा डावीकडचा आरसा मिटलेला. फार वर्षांपूर्वी जुन्या नाशिकच्या एका बोळात तो घासला, तेव्हापासून दादा तो मिटूनच ठेवतो. आरसा वाचावा म्हणून आरसा वापरायचा नाही, हे शास्त्र आपल्याकडे सर्वमान्य आहे. त्यामुळे डावीकडचं तुम्ही बघायचात. "बाईक येतेय." "रिक्षा आहे, जाऊ द्या तिला." "आता घ्या." आणि दादाचं दरवेळी ठरलेलं उत्तर, "दिसतंय मला." काहीही दिसत नसायचं. मी मागच्या सीटवरून इतकी वर्षं हे ऐकत आलो आणि मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

दुकानापुढे पार्किंगला जागा नव्हती, म्हणून दादा गाडीतच थांबला. दुकानदार भला माणूस होता. कार्ड कुणासाठी, असं त्याने मला विचारलं. मी तुमच्याकडे बोट दाखवलं. मग त्याने गेम कुठला ते विचारलं, ऐकून घेतलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "काकू, एवढं कार्ड नाही लागत हो त्याला. आरसे बंद करून टाका. फ्रेम वाढतील, चित्र अडकणार नाही, पैसेही वाचतील. तसंही डावीकडच्या आरशात कोण बघतं?"

"आमच्या गाडीत डावीकडचा आरसा मीच आहे," तुम्ही म्हणालात. "मला या गाडीत तरी तो काचेचा पाहिजे."

दुकानदाराला काही कळलं नाही. तो हसला आणि खोकं काढायला वळला. मी काचेच्या दारातून बाहेर पाहिलं. दादा स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसला होता, आणि डावीकडचा आरसा कुत्र्याच्या पाडलेल्या कानासारखा दाराला चिकटून होता. तुम्ही ते चिडून म्हणाला नव्हतात. मिक्सरच्या भांड्याचं झाकण वेगळं मिळतं का, असं विचारावं त्या आवाजात म्हणाला होतात.

दुकानदाराने एसएमपीएस, म्हणजे आतल्या सगळ्यांना वीज पुरवणारा डबा, तोही बदलायला सांगितला. हा जास्तीचं गळ्यात मारतोय असा तुम्हांला संशय आला आणि तुम्ही नको म्हणालात. घरी कार्ड बसलं, दिवे लागले, तुम्ही माद्रिदहून निघालात आणि शहराबाहेर पडण्याआधी कॉम्प्युटर ठप्प बंद झाला. दुसऱ्या दिवशी आपण पुन्हा कॅनडा कॉर्नरला गेलो. दुकानदार एक शब्द बोलला नाही. परत येताना तुम्ही म्हणालात, त्याने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

आणि मग आरसे लागले. मला ते नीट आठवतं, कारण तुम्ही ट्रक चालूच केला नाहीत. इंजिन सुरू ठेवून नुसत्या बसून राहिलात. डावीकडे आरशात ट्रेलरची लांबलचक बाजू, तिच्यामागे रस्ता, रस्त्यामागे झाडं, सगळं स्वच्छ. उजवीकडेही तसंच. मी म्हटलं, निघा आता. तुम्ही म्हणालात, थांबा हो, मागचं बघू द्या. मग तुम्ही गियर टाकलात तो पुढचा नाही, मागचा. ट्रेलर माल उतरवायच्या धक्क्याला लावताना तुमच्या तोंडून हळूच येत होतं, "येऊ द्या, येऊ द्या." आवाज देणारी तुम्ही आणि स्टिअरिंगवरही तुम्हीच. 'बास' म्हणालात आणि ब्रेक लावलात.

एका दुपारी दादा चहाचा कप घेऊन दारात उभा राहिला. एरवी तो त्या खोलीत यायचा नाही. 'तिचं ते खेळणं' म्हणायचा. तुम्ही हायवेवर होतात. थोडा वेळ बघून तो न राहवून म्हणाला, "डावीकडून गाडी येतेय."

"दिसतंय मला," तुम्ही म्हणालात.

आणि खरंच दिसत होतं. दादा चहा संपेपर्यंत उभा राहिला आणि कप धुवायला घेऊन गेला. त्याने स्वतः कप धुतल्याचं तोवर माझ्या पाहण्यात नव्हतं.

दसऱ्याला आपल्याकडे गाडीची पूजा होते. दरवर्षी दादा चावी घेऊन उभा राहायचा आणि तुम्ही ताम्हण घेऊन. त्या वर्षी गाडीची पूजा झाल्यावर तुम्ही ताम्हण घेऊन अमेयच्या खोलीत गेलात. कॉम्प्युटरला हळदकुंकू, झेंडूचा हार, वर अक्षता. कॅबिनेटच्या वरच्या बाजूला जाळी असते, आणि आपण अक्षता वरून टाकतो. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी बरोबरच आहेत. संध्याकाळी तुम्ही ट्रक काढलात तेव्हा आतून कटकट कटकट आवाज येऊ लागला. कार्डाच्या पंख्यात तांदूळ गेले होते. तुम्ही घाबरून मला फोन केलात. मी कॅबिनेट उघडलं आणि चिमट्याने तांदूळ काढत असताना म्हटलं की वॉरंटीच्या कागदावर पाणी, वीज, उंदीर सगळं आहे, फक्त अक्षता नाहीत. तुम्ही नेहमीसारख्या हसला नाहीत. म्हणालात, "माझी म्हणून पूजा केलेली पहिली गाडी आहे ती. नीट काढा." एक दाणा तरी आत राहिलाच. अधूनमधून अजून वाजतो.

तुमच्याशी माझा खरा वाद वेगळाच होता. मी म्हणायचो, इतकी हौस आहे तर खरी गाडी शिका, गंगापूर रोडला मोटार ड्रायव्हिंगचे क्लास कमी आहेत का. तुम्ही म्हणायचात, "खरी चालवली तर शेजारी कोण बसेल? तुमचे दादा." मी म्हणायचो, पण वहिनी, खुर्चीत बसून केलेल्याला गाडी चालवणं म्हणत नाहीत. तुम्ही माझ्या पुस्तकांच्या कपाटाकडे बघून म्हणायचात, "रशियाला न जाता रशियाबद्दल बोलता ते चालतं का?" आणि लगेच वर म्हणायचात, "आधी एकदा ट्रेलर मागे घेऊन दाखवा, मग बोलू." तुम्ही गेल्यावर मी, तुमच्या ट्रकला हात न लावता, नवा ट्रक काढून प्रयत्न करून पाहिला. ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं. खांब पाडला, कुंपण पाडलं, आणि एका हिरव्या ट्रकने माझ्याकडे पाहून बराच वेळ हॉर्न वाजवला. तेव्हा तो वाद तुम्ही जिंकलात असं धरा.

हृदयाचं दुखणं निघालं तेव्हा डॉक्टरांनी दगदग नको, ताण नको, चढ नको असं सगळं सांगितलं. तुम्ही विचारलंत, ट्रक चालवलेला चालेल का. डॉक्टरांनी लिहिणं थांबवून वर पाहिलं. "तुम्ही ट्रक चालवता?" "हो," तुम्ही म्हणालात, "युरोपात." बाजूला दादा बसला होता. तो म्हणाला, "चांगला चालवते." एवढंच. डॉक्टरांनी परवानगी दिली. घरी आल्यावर तुम्ही मला फोन केलात तो त्या परवानगीसाठी नाही, दादाचे ते दोन शब्द सांगायला. त्याला काही म्हणालात का, असं मी विचारलं. तुम्ही म्हणालात, कशाला, त्यांनी ऐकलंय स्वतःचं.

हे तुमचं मला नेहमी आवडलं आणि कधी सांगितलं नाही. तुम्ही कुणालाही धडा शिकवायला जायचा नाहीत. तुम्हांला स्टिअरिंग हवं होतं, तुम्ही ते मिळवलंत, आणि ते मिळाल्यावर शेजारच्याचा अपमान करायची गरज तुम्हांला पडली नाही. दादाच्या गाडीत बसलात की तुम्ही पुन्हा 'बाईक येतेय' सुरू करायचात. तक्रारीने करायचात असं मला कधी वाटलं नाही. चांगला ड्रायव्हर दुसऱ्याच्या गाडीतही रस्ता बघतो, इतकंच.

तुमचा ट्रक आता स्पेनमधल्या एका पेट्रोल पंपावर उभा आहे. हँडब्रेक ओढलेला, ट्रेलरमध्ये दही. गेम बंद असला की तिथला वेळ पुढे जात नाही, म्हणून दही चांगलं आहे. तेराव्यानंतर अमेयने कॅनडाला परत जाताना कार्ड विकायचा विषय काढला. चांगल्या मनानेच काढला. वॉरंटी बाकी आहे, कुणाच्या तरी उपयोगी पडेल, म्हणाला. दादा म्हणाला, "वॉरंटी संपेपर्यंत असू दे." मग कधी संपते ते त्याने विचारलं, आणि बरीच बाकी आहे हे कळल्यावर त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी बरं वाटल्यासारखं दिसलं.

काल आम्ही दोघं कळवणला निघालो. तुमच्या मामींना आता प्रवास होत नाही, म्हणून त्यांना भेटायला. मी तुमच्या जागेवर बसलो. दिंडोरी मागे पडली. पुढे एक ट्रॅक्टर रस्त्याच्या मधोमध चालला होता आणि त्याच्या डावीकडून पुढे निघायचं होतं. दादाने वेग कमी केला, आणि तसाच कमी ठेवला. मागून हॉर्न वाजायला लागले. मला वाटलं त्याला बरं वाटत नाही.

"अरे, आवाज दे की," तो म्हणाला.

"कसला?"

"डावीकडे काय आहे?"

मी मान वळवून पाहिलं. एक बाईक होती, पण मी ते सांगेपर्यंत ती पुढे निघून गेली होती. वणीच्या अलीकडे पेट्रोल पंप लागला तिथे त्याने गाडी आत घेतली, उतरला, माझ्या बाजूला आला आणि मिटलेल्या आरशाला हात घातला. तो उघडेना. दोन्ही हातांनी ओढला तरी हलेना. मी खाली उतरून फटीतून पाहिलं. आत कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं. पंपावरून स्क्रू ड्रायव्हर मागून आणून ते काढावं लागलं, तेव्हा कुठे आरसा उघडला.